बाजूला काढून ठेवलेल्या बिया

निर्मळच्या देवळावरून पुढे आलं की डाव्या हाताला केळीची वाडी लागते आणि वाडीच्या तोंडाशी फेबियन अंकलचं हॉटेल. निळ्या पाटीवर पिवळी अक्षरं: 'न्योन्या टेबल'. ती वाचून जो कोणी स्कूटर थांबवायचा, तो एक पाय जमिनीवर टेकवून, इंजिन चालूच ठेवून एकच प्रश्न विचारायचा.

"चायनीज आहे ना?"

"चायनीज नाही ला. न्योन्या. डिफरंट."

"म्हणजे मंच्युरियन नाही?"

"कॅनॉट."

"बरं, शेजवान राईस?"

"कॅनॉट ला, कॅनॉट!"

"मग आहे तरी काय?"

इथे फेबियन अंकल मोठा श्वास घ्यायचे, एप्रनला हात पुसायचे आणि सुरुवात करायचे, "शेकडो वर्षांपूर्वी चीनमधून काही व्यापारी..." चीन ऐकलं की स्कूटरवाला खूश. "तेच की हो, चायनीज!" अंकलचे व्यापारी मलायाच्या किनाऱ्याला लागायच्या आत स्कूटर आगाशीच्या रस्त्याला लागलेली असायची.

तो 'ला' अंकलनी सिंगापूरहून आणलेला. मराठीला, हिंदीला, गावातल्या घरच्या बोलीला, सगळ्यालाच ते तो शेपटासारखा लावायचे. "बसा ला." "पाणी थंड आहे ला." चर्चमध्ये फादरांनाही एकदा "नमस्ते ला" म्हणाले होते. ग्रेसी आंटी, म्हणजे त्यांची बायको, त्यावर म्हणायची, "बारा वर्षं तिकडे राहिला. लोक सोनं आणतात, टीव्ही आणतात. आमच्या माणसाने 'ला' आणला."

हे सगळं मला माहीत, कारण त्यांची मुलगी ॲनिशा माझ्या वर्गात. आम्ही विरारला फ्लॅटमध्ये राहतो. रविवारी मी सायकल मारत ॲनिशाकडे यायचे. अभ्यासाला. अभ्यास व्हायचा नाही, कारण हॉटेलाच्या मागच्या ओट्यावर बसलं की पुढे चाललेलं सगळं ऐकू यायचं, आणि त्यापुढे भूमिती कोण बघतं?

अंकल मूळचे निर्मळचेच. घरी केळी, अबोली, मोगरा. फुलांच्या टोपल्या दादरला पोचवायचं काम त्यांच्याकडे आलं होतं आणि त्यांना ते जन्मात आवडलं नाही. म्हणून ते मालवाहू जहाजावर स्वयंपाकाला लागले. जहाज दुरुस्तीसाठी सिंगापूरला थांबलं, ते थांबलंच. मालकाचा पत्ता नाही, पगाराचा नाही. एक दिवस अंकल कातोंग नावाच्या भागात एका छोट्या खाणावळीत जेवायला शिरले आणि जेवून झाल्यावर पुढच्या दाराने बाहेर न पडता मागच्या दाराने आत गेले. "भांडी घासू का?" म्हणून विचारलं.

खाणावळ एका म्हातारीची. तिला सगळे बिबिक म्हणायचे. आपण मोठ्या बाईला काकू म्हणतो तसं. अंकल तिचा आवाज फार झकास काढतात. खालचा ओठ पुढे, तोंडात विडा असल्यासारखं, नाकातून: "फेबियन! हा मसाला कोणी कुटला? पायांनी कुटला?" पहिले सहा महिने तिने त्यांचा मसाला नुसता ओतून दिला. मिक्सरला हात लावू दिला नाही. दगडी खलात मिरची, गवती चहा, कांदा, कुटलेल्या जवळ्याची वडी, सगळं एकापाठोपाठ एक आणि ठरलेल्या क्रमाने. क्रम चुकला की ओता. "तिच्या मोरीने माझा मसाला माझ्यापेक्षा जास्त खाल्ला ला," अंकल म्हणायचे.

स्कूटरवाल्यांना ऐकायची नसलेली ती गोष्ट मला पाठ आहे. ते चिनी व्यापारी मलायात राहिले, तिथल्याच बायकांशी त्यांनी लग्नं केली. देव्हाऱ्यात पूर्वज चिनी, चुलीवर नारळाचं दूध आणि चिंच. त्या लोकांना म्हणतात पेरानाकान, आणि त्यांच्या बायका त्या न्योन्या. अंकलना यात काही परकं वाटायचंच नाही. ते छातीवर हात मारून म्हणायचे, "अरे, आपण काय वेगळे? माझं आडनाव तुस्कानो. माझी आजी लुगडं नेसायची. लग्नात आपण केक कापतो आणि हळदही लावतो. निर्मळच्या माणसाला हे जेवण नाही कळणार, तर कोणाला कळणार?"

निर्मळच्या माणसाला ते जेवण कळलं नाही.

पहिली चूक उद्घाटनाची. बिबिक ज्या तारखेला वारली त्याच तारखेला हॉटेल उघडायचं, हे अंकलनी मनाशी पक्कं केलं होतं. ती तारीख पडली मार्चमध्ये, ऐन उपवासकाळात. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. अर्ध्या गावाने मटण-कोंबडी सोडलेली, ग्रेसी आंटीने तर नवस म्हणून मासेसुद्धा. फादर आले, आशीर्वादाचं पाणी शिंपडलं, घमघमणाऱ्या टोपांकडे एकदा बघितलं, लिंबू सरबत प्यायले आणि गेले. पाहुणेही सरबतावर गेले. ग्रेसी आंटी आजही सांगते, "उपवासकाळात कोंबडी शिजवून उद्घाटन करणारा आख्ख्या वसईत हा एकटाच."

ईस्टर झाला, तर लग्नसराई लागली. सगळे मांडवात जेवायला. मग पावसात वाडीचा रस्ता चिखलाने भरला. मग श्रावण, मग गणपती, मग नवरात्र. कॅथलिक खायला मोकळे झाले की हिंदूंचं काहीतरी निघायचं, हिंदू मोकळे झाले की कॅथलिकांचा शुक्रवार यायचा. अंकल भिंतीवरच्या दोन कॅलेंडरांसमोर उभे राहायचे. एक चर्चचं, एक पंचांगाचं. "या गावात लोक जेवतात तरी कधी ला?"

बरं, सामानाचीही तऱ्हाच. मसाल्यात घालायचं एक मूळ इथे कुठे मिळेना, शेवटी वसईच्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळालं: कुळिंजन. दुकानदार दर वेळी काळजीने विचारायचा, "घसा अजून बसलेलाच का हो?" जवळ्याची वडी अंकल घरीच करायचे, आणि ती भाजायला घेतली की शेजारचा हिलरी धावत यायचा. "फेबियन, गॅस बंद कर! लीक होतोय!" रोज यायचा. रोज तेच. अंकल कपाळाला हात लावायचे. "हिलरी, तू कोळणीकडून सुका जवळा घेतोस की नाही? घरी भाजतोस की नाही? तोच हा."

"आमच्या जवळ्याला असा वास नाही येत."

दिवाळीच्या सुमाराला ग्रेसी आंटीने तोंड उघडलं. उघडलं म्हणजे, बंद कधीच नव्हतं, पण या वेळी तिने पुस्तकी मराठीत सांगितलं. ती घरच्या बोलीत ओरडली तर कोणी घाबरत नाही. ती शुद्ध बोलायला लागली की ॲनिशा वह्या गोळा करते.

"फेबियन, नाताळपर्यंत हे असं चालणार नाही. माझा भाऊ रिचर्ड पाट्या रंगवतो. त्याला मी सांगून ठेवलेलं आहे. 'फेबियन्स चायनीज'. लाल रंगात."

"ग्रेसी, नुसतं एकदा लांब टेबल लागू दे..."

लांब टेबल हे अंकलचं स्वप्न. पेरानाकान घरात मोठा प्रसंग असला की एक लांबच लांब टेबल मांडतात आणि सगळे पदार्थ एकदम त्यावर ठेवतात. आधी हे, मग ते असं नाही. तीस माणसं एका टेबलाला बसली, हाताने जेवली, एकमेकांना वाढत राहिली, तर बिबिकचं जेवण काय ते कळेल, असं अंकलचं म्हणणं. एकेकटा स्कूटरवाला ते कसं समजणार?

"लांब टेबलाला लांब माणसं आण आधी," ग्रेसी आंटी म्हणाली.

आता इथे आमचे बाबा येतात. बाबांचं नाव सुधाकर, फोर्टमध्ये नोकरी. ऑफिसात कोणाचाही निरोप समारंभ असला की जेवणाचं बघायचं काम त्यांच्याकडे. त्यांना ते आवडतं, फक्त ते "माझ्याच गळ्यात का पडतं" असं म्हणायलाही आवडतं. डिसेंबरात त्यांचे साहेब निवृत्त होणार होते आणि साहेब राहायला वसईला, त्यामुळे जेवण इकडेच. तीस माणसं.

मी ॲनिशाला सांगितलं, ॲनिशाने अंकलना. अंकल चमचा हातात तसाच धरून ओट्यावर आले.

"तीस? सुधाकरभाऊंना रविवारी घेऊन ये ला. फॅमिली. माझ्याकडून."

आणि त्यांनी आत जाऊन तांदळाच्या डब्यामागून एक कापडी पिशवी काढली. आत काळ्या, टणक कवचाच्या बिया. सुपारीहून मोठ्या, चेपल्यासारख्या. तिकडच्या एका झाडाच्या. कच्च्या खाल्ल्या तर माणूस मरतो, म्हणून त्या उकडून, राखेत घालून, जमिनीत पुरून ठेवतात. मग विष जातं. मग घरी आणून रोज पाणी बदलत भिजवायच्या, एका टोकाला कवच फोडून आतला काळा गर काढायचा, तो कोळंबीबरोबर वाटायचा, पुन्हा त्याच कवचात भरायचा आणि चिंचेच्या रश्शात कोंबडीबरोबर शिजवायच्या. निघताना बिबिकच्या मुलीने दिलेल्या त्या बियांपैकी एवढ्याच उरल्या होत्या. एका जेवणापुरत्या. हे सगळं मला कळलं ते मात्र त्या रविवारनंतर.

"हे खाल्लं की 'नाही' म्हणणारा माणूस मी अजून बघितला नाही," अंकल म्हणाले.

"तुम्ही अजून आमच्या बाबांना बघितलं नाहीत," हे मी मनात.

ग्रेसी आंटीने अट घातली. रविवारी तीस माणसांची ऑर्डर मिळाली, तर पाटी राहील. नाही मिळाली, तर रिचर्ड शिडीवर चढेल. रिचर्डमामाला रविवारी दुपारचाच वेळ होता, त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा तो शिडी भिंतीला लावून, दुसऱ्या पायरीवर बसून बिडी ओढत होता. शेजारी लाल रंगाचा डबा, झाकण उघडून ठेवलेला.

"हे काय, रंगकाम चाललंय?" बाबांनी विचारलं.

"तुमच्यावर आहे," रिचर्डमामा म्हणाला.

आत टेबल मांडलेलं. चार जणांसाठी एवढं की प्लेटा ठेवायला जागा नाही. केळीच्या पानात भाजलेला, मसाल्यात वाटलेला मासा, बदकाचं आंबट सूप, भाज्यांचं लोणचं, कोबी-मशरूमची भाजी, लाल चटणी, आणि मधोमध मोठ्या वाडग्यात तो काळा रस्सा. काळा म्हणजे काळाच. त्यात कोंबडीचे तुकडे आणि त्या बिया.

परेशदादाने, म्हणजे माझ्या भावाने, वाकून बघितलं. "डांबर आहे काय रे हे?"

"गप," आई म्हणाली. आई मालवणची, नाव मनोरमा, दुसऱ्याच्या घरी अन्नाला नाव ठेवणं तिच्या नियमात नाही. "सुंदर वास येतोय हो."

"बसा ला, बसा."

बाबा बसले आणि वाट बघायला लागले. टेबलावर सगळं होतं, पण बाबा वाट बघत होते. अंकलही वाट बघत होते. शेवटी बाबांनी घसा खाकरला. "तुस्कानोसाहेब, म्हणजे, स्टार्टर येईपर्यंत..."

"स्टार्टर नाही सुधाकरभाऊ. सगळं एकदम. हेच तर!"

"असं का. वा. म्हणजे सगळं एकदमच. बरं. मग चमचा?"

"हाताने ला. न्योन्या बायका हातानेच जेवायच्या. आपल्यासारख्या."

आईचा चेहरा उजळला. बाबांचा पडला. बाबा घरी पाटावर बसून भुरके मारतात, पण हॉटेलात काटा-चमचा नसेल तर त्यांना आपण हॉटेलात आलोय असं वाटत नाही. "नाही, हाताने उत्तमच," ते म्हणाले, "फक्त साहेबांच्या मिसेस असतात ना..."

अंकलनी निमूट चमचा आणून दिला. मग खुर्ची ओढली, वाडगा जवळ घेतला आणि पहिली बी चिमटीत धरून उचलली. "आता हे बघा. याचं कसं असतं..."

बाहेर स्कूटर थांबली. एक नाही, तीन.

"बॉस! ट्रिपल शेजवान, दोन पार्सल!"

"कॅनॉट!" अंकल आतूनच ओरडले.

"अरे पाटीवर टेबल लिहिलंय म्हणून पार्सल देत नाही का? आम्ही टेबल नेत नाही!" बाहेर हशा.

अंकलनी बी वाडग्यात सोडली. "एक मिनिट ला." आणि ते बाहेर गेले. ग्रेसी आंटी स्वयंपाकघराच्या दारातून पुटपुटली, "गेला. आता चीनपासून सुरू करणार." खरंच, बाहेरून आवाज आला, "शेकडो वर्षांपूर्वी..."

आम्ही जेवायला लागलो. काळा रस्सा भातावर घेतला. आंबट, तिखट, आणि खाली काहीतरी खोल, भाजलेल्या मातीसारखं. बाबांनी चमचा बाजूला ठेवला आणि हात घातला. आई म्हणाली, "अगो, ह्या कायतरी मस्तच लागता." मालवणीत म्हणाली, म्हणजे मनापासून.

मग परेशदादाच्या दाताखाली बी आली. टणक. "आई ग! दगड!"

"अरे ते खायचं नसतं," आई म्हणाली. "तिरफळ आहे ते, तिरफळ. बांगड्याच्या कालवणात नाही का आपण घालत? वासापुरतं. बाजूला काढ."

"एवढं मोठं तिरफळ?"

"तिकडचं मोठं असेल. परदेशात सगळंच मोठं असतं."

आणि आम्ही काढत गेलो. आम्ही तिरफळाच्या घरातली माणसं, आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. बोटांनी दाबून, रस्सा निथळून, ताटाच्या कडेला हाडांशेजारी. बाबा तर फार नीट काढतात, एका रांगेत. आईने माझ्या भातात दडलेली एक शोधून काढली आणि म्हणाली, "लक्ष कुठे असतं गो तुझं? घशात गेली असती." मीही काढली. सगळ्या भरलेल्या, फुगलेल्या, मसाल्याने काठोकाठ.

अंकल परत आले तेव्हा बाबा भुरका मारत होते, आणि भुरका ऐकून अंकलच्या चेहऱ्यावर हसू आलं. मोठं हसू. मग त्यांनी ताटं बघितली.

चार ताटं. चार रांगा.

"हे..." अंकल म्हणाले. "हे काय ला?"

"अप्रतिम हो तुस्कानोसाहेब," बाबा म्हणाले. "आणि तिरफळ आम्ही सगळं बाजूला काढलंय, काळजी नको. मुलांनासुद्धा सवय आहे."

अंकलनी ताटाकडे बोट दाखवलं. मग तोंडातून आलं ते सगळं एकदमच आलं, लांब टेबलासारखं. "तिरफळ? सुधाकरभाऊ, तिरफळ? अहो, यासाठीच तर सगळं! कोंबडी सोबतीला आहे, कोंबडी! पाच दिवस पाणी बदललं मी. फोडली, कोरली, कोळंबी घातली, पुन्हा भरली, एक-एक! बिबिकच्या घरी यावरून भावाभावांत भांडणं व्हायची. वाढताना मोजायचे. आणि तुम्ही हाडांत? हाडांत ठेवलीत?"

"अहो, मग सांगायचं नाही का?" आई एकदम कावरीबावरी. तिला कोणाच्या घरी अन्न टाकल्यासारखं झालं. तिने ताटातली एक उचलली, इकडून तिकडून बघितली. "पण आता हाडांत मिसळली हो, हात लागले सगळ्यांचे."

"वाडग्यात आहेत पाच. त्या खा. ही पिन घ्या, या तोंडातून आत घाला, गर काढा..."

परेशदादाने काढला. काळा, चिकट गोळा पिनेच्या टोकावर आला. त्याने जिभेला लावला. "बूट पॉलिश, यार."

"परेश!"

"नाही, म्हणजे, चांगलं पॉलिश."

अंकलनी पिन बाबांपुढे धरली. बाबा खुर्चीत मागे सरकले, पोटावरून हात फिरवला आणि ते हसले. ऑफिसातलं हसू. "पोट इतकं भरलंय ना. पुढच्या वेळी नक्की. पण छान आहे. वेगळं आहे."

मी बाबांच्या घरात वाढलेय. बाबांनी एखाद्याला 'वेगळं' म्हटलं की ते संपलं. आमच्या एका मावसकाकांच्या कवितांनाही ते वेगळं म्हणाले होते. अंकलना हे कसं कळलं कोण जाणे, पण कळलं. पिन हातातच राहिली.

मग गोड आलं. गुळाचं सारण भरलेल्या हिरव्या गोळ्या, ओल्या खोबऱ्यात घोळवलेल्या. आईने एक खाल्ली आणि वातावरण सावरायला म्हणाली, "अगदी मोदक हो! फक्त खोबरं आत घालायचं विसरलात, बाहेर राहिलंय."

"विसरलो नाही," अंकल म्हणाले. त्यात 'ला' नव्हता.

हात धुऊन बाबा आले, खिशातला रुमाल काढला आणि कामाचं बोलायला लागले. ग्रेसी आंटी दारात येऊन उभी राहिली, हाताची घडी घालून. बाहेर रिचर्डमामाची शिडी कुरकुरली.

"तर तुस्कानोसाहेब, हाताला चव आहे तुमच्या, यात वाद नाही. माझं ठरलं. साहेबांचं जेवण तुमच्याकडेच."

अंकलनी मान वर केली.

"तीस माणसं. लांब टेबल म्हणालात ना, ते लावा, ते मस्तच. फक्त मेनू काय, की मंडळी सगळ्या प्रकारची असतात. तेव्हा व्हेज मंच्युरियन, चिकन चिली, फ्राईड राईस. हक्का नूडल्स ठेवू एक. आणि सुरुवातीला सूप, स्वीट कॉर्न. तुम्हाला तर हे डाव्या हातचं. जमेल ना?"

परेशदादा माझ्या पायावर पाय देत होता. अंकलनी ग्रेसी आंटीकडे बघितलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ती टेबलावरच्या ताटांकडे बघत होती.

"कॅन," अंकल म्हणाले.

फक्त कॅन.

आई-बाबा आणि परेशदादा रिक्षाने गेले; मी सायकल घ्यायची म्हणून मागे राहिले. बाबा जाताना रिचर्डमामाला म्हणाले, "शुभस्य शीघ्रम, सुरू करा!" त्यांना पाटीचं काही माहीत नव्हतं. रिचर्डमामाने बहिणीकडे बघितलं. ऑर्डर मिळाली होती, म्हणजे अटीप्रमाणे पाटी राहायला हवी होती. पण ऑर्डर कसली मिळाली होती, हेही सगळ्यांना कळलं होतं. अंकलच पुढे झाले. "लिही ला रिचर्ड. मंच्युरियन देणार, तर पाटी खोटी कशाला?"

मग ते वाडगा घेऊन मागच्या ओट्यावर गेले. मी आणि ॲनिशा विहिरीच्या कठड्यावर बसलो होतो, भूमिती उघडी ठेवून. अंकलनी एक बी उचलली, पिन घातली, गर काढून खाल्ला. डोळे मिटले. दुसरी घेतली. चेहऱ्यावर असा राग की जणू बीच 'वेगळी आहे' म्हणाली होती.

ग्रेसी आंटी आली. थोडा वेळ उभी राहिली. मग पदर खोचून त्यांच्याशेजारी बसली आणि अंबाड्यातली पिन काढली.

"दे एक."

"तू खात नाहीस."

"दे म्हणते ना."

तिने पिन आत घातली, तिरकी करून वळवली, आणि सगळा गर एका झटक्यात बाहेर आला. पहिल्यांदा खाणाऱ्याला जमतं तसं नाही, जन्मभर शिंपले काढणाऱ्याला जमतं तसं. तोंडात घातला. चावला. थांबली. पुन्हा चावला. मग रिकामं कवच नाकाशी नेलं.

शेवटची बी तिने विचारलंच नाही, घेतली.

ती संपल्यावर ओठ पुसून म्हणाली, "हे असलं तू तिकडे रोज करायचास?"

"रोज नाही. सणाला."

"अजून आहेत?"

"नाही."

"नाही म्हणजे? डब्यामागे पिशवी होती ना?"

"ती आज संपली."

"सगळ्या त्यांना घातल्यास?" तिचा आवाज चढला. घरच्या बोलीत चढला, तो मी इथे लिहीत नाही, लिहून त्याची मजा जाईल. अर्थ एवढाच, की रांगा लावून ठेवणाऱ्यांना सगळ्या घातल्या आणि घरच्या माणसाला इतक्या महिन्यांत एक नाही?

"दिली होती!" अंकल उभेच राहिले. "उद्घाटनाला पहिली प्लेट तुझ्यासमोर ठेवली होती!"

"तेव्हा उपवासकाळ होता!"

"मग ईस्टरला? ईस्टरला विचारलं होतं!"

"ईस्टरला तू तारखेवरून भांडत होतास! भांडणाऱ्याच्या हातचं मी खाते का?"

"तू भांडत होतीस!"

"मी सांगत होते!"

पुढून रिचर्डमामाची हाक आली, "ग्रेसीबाय! 'चायनीज' झालं, 'फेबियन्स'ला लाल पुरणार नाही! काळा घेऊ?"

अंकल वाडगा उलटा करून बघत होते, तळाशी एखादी चिकटून राहिलीय का ते. ग्रेसी आंटीने रिकामं कवच पुन्हा उचललं होतं, आणि आत पिन घालून ती ते खरवडत होती.